किती अक्षरं उमटली?

लिनक्स सुरू करून देणारा ‘लिलो’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. आता ते काम बहुतेक ठिकाणी ‘ग्रब’ करतो आणि लिलोचं नावही नव्या मुलांना माहीत नसतं. पण त्याची एक खोड मला अजून आवडते. संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर तो स्वतःचं नाव लिहायचा. एल, आय, एल, ओ. ही चार अक्षरं एकदम यायची नाहीत. पहिलं एल आलं म्हणजे त्याचा पहिला तुकडा डिस्कवरून उचलला गेला. आय आलं म्हणजे दुसरा तुकडाही हाती लागला. तो दुसरा तुकडा कामाला लागला की तिसरं अक्षर, आणि हवं ते सगळं वाचून झालं की चौथं. वाटेत अडलं तर नाव अर्धंच राहायचं, आणि ते कुठवर लिहून झालंय यावरून कुठे अडलंय ते कळायचं.

हे मला फोनवर कळलं. 1999 च्या आसपासची गोष्ट. मी पुण्यात शिकत होते. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तिच्यावरून घरच्या संगणकात विंडोजशेजारी लिनक्स बसवलं होतं. मशीन पुन्हा सुरू केलं तर पडद्यावर ‘एल-आय’ उमटलं आणि सगळं तिथेच थांबलं. लिनक्स नाही, विंडोजही नाही. संगणक भावाच्या प्रोजेक्टसाठी हप्त्यांवर घेतलेला, आणि भाऊ संध्याकाळी घरी येणार होता. वर्गातल्या एका मुलाने निगडीच्या एका काकांचा नंबर दिला. ते एका कारखान्यात युनिक्सची मशीन्स सांभाळत.

“काका, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये.”

“बरं. किती अक्षरं उमटली?”

“दोन.”

“एल आणि आय?”

“हो.”

“मग घाबरू नकोस गं. डिस्क शाबूत आहे. डिस्कच्या मापावरून बायोसचं आणि लिलोचं जमत नाहीये. बूट फ्लॉपी करून ठेवलीयस ना?”

फ्लॉपी होती. तिच्यावरून मशीन उठवायचं, लिलोच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘लिनिअर’ हा एक शब्द एका ओळीवर टाकायचा आणि लिलो पुन्हा चालवायचा. जमेल तेव्हा डिस्कच्या सुरुवातीला एक लहानसं पार्टिशन काढून कर्नल तिथे ठेवायचा, हेही त्यांनी सांगितलं. कारण त्या काळचे बायोस 1,024 व्या सिलिंडरच्या, म्हणजे साधारण 8 जीबीच्या पलीकडचं वाचूच शकत नसत आणि डिस्का तर त्याहून मोठ्या यायला लागल्या होत्या. भाऊ घरी आला तेव्हा विंडोज सुरू होतं. काकांना मी नंतर पुष्कळदा फोन केला. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, माझा संगणकही त्यांनी कधी पाहिला नाही. सांगायचं काय, तर माझी घालमेल, हप्ते, भाऊ यातलं काहीच त्यांना नको होतं. दोन अक्षरं पुरली.

त्या काळी मदत इंटरनेटवर होती आणि अडचणही बहुधा इंटरनेटचीच असायची. घरगुती संगणकांमध्ये जे मॉडेम बसवून येत ते निम्मे मॉडेम असत. उरलेलं काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेई. लिनक्समध्ये असला मॉडेम म्हणजे नुसता पत्रा. सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मॉडेम मुकाट्याने चालायचा, पण त्याची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नव्हती. मग विंडोजमध्ये जायचं, उपाय शोधायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा, मशीन बंद करून लिनक्समध्ये यायचं, उपाय करून बघायचा, आणि आलेली नवी एरर वहीत उतरवून पुन्हा विंडोजमध्ये जायचं. पुढे 2007-08 च्या सुमाराला वाय-फायने हाच पेच परत आणला: कार्ड चालायला फर्मवेअर हवं, फर्मवेअर उतरवून घ्यायला नेट हवं. आता फोनची केबल लॅपटॉपला जोडली की त्या पेचातून सुटका होते.

एरर वहीत उतरवायची ती अक्षरशः. ‘काहीतरी फाइल नाही म्हणतोय’ असं काकांना चालायचं नाही. “वाच,” म्हणायचे. “जे लिहिलंय तेच वाच.” याचं महत्त्व मला पुढे पटलं ते एका साध्या एररमुळे. एखादा प्रोग्राम चालवायला जावं आणि ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असं उत्तर यावं. फाइल तर समोर दिसतेय. यादीत आहे, आकार आहे, परवानग्या आहेत. माणूस वैतागून म्हणतो, मशीन वेडं झालंय. मशीन खरं बोलत असतं. तो प्रोग्राम चालू करायला आधी एक दुसरा प्रोग्राम लागतो, लोडर, आणि नाहीये तो लोडर. 64 बिटांच्या मशीनवर 32 बिटांसाठी बांधलेली जुनी वस्तू आणली की हे हमखास घडतं. फाइल नाही हे बरोबर. कुठली नाही ते तेवढं त्या ओळीत येत नाही.

‘डिस्कवर जागा उरलेली नाही’ ही तसलीच दुसरी. ‘डीएफ’ कमांडने बघावं तर निम्मी डिस्क रिकामी. आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर हे झालं होतं. एका वेबसाइटने सेशनच्या इवल्याशा फाइली लाखांनी साठवल्या होत्या. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि आयनोड किती असायचे हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरून जातं. ते संपले होते. ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून विचारलं की लगेच दिसतं, पण असंही विचारता येतं हे कुणीतरी सांगावं लागतं. मला ते मुंबईच्या एका मुलीने सांगितलं, चॅटवर, रात्री उशिरा, तीन शब्दांत. ‘आयनोड्स बघ ना.’ एवढंच.

पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट होता, पुणे लिनक्स युजर्स ग्रुप. तोंडी ‘प्लग’. कुणाच्या तरी ऑफिसात किंवा कॉलेजच्या वर्गात लोक जमत. इन्स्टॉल करून देण्याचा कार्यक्रम असला की माणसं स्कूटरवर पायांमध्ये कॅबिनेट धरून येत. मॉनिटर कोण आणणार, तो तिथे असायचा. टेबलांवर उघडी कॅबिनेटं, जमिनीवर वायरी, आणि प्रत्येक मशीनमागे तिघं-चौघं. त्यातला एक टाइप करतोय, एक सांगतोय आणि बाकीचे त्याने कसं चुकीचं सांगितलं ते सांगताहेत. आम्ही मुली मोजक्याच. चहाच्या वेळी व्हीआय चांगला की ईमॅक्स यावर वाद व्हायचा. मी त्यात कधी पडले नाही. तो वाद जिंकून कुणाचा मॉडेम चालू झाल्याचं ऐकिवात नाही.

तिथे जे अनुभवी होते त्यांचे प्रश्न ठरलेले असत. शेवटचं काय बदललंस? या प्रश्नाला प्रत्येकजण ‘काहीच नाही’ म्हणतो. मग ते विचारत, बरं, शेवटचं नीट कधी चाललं होतं? आता माणूस आठवू लागतो: परवा चाललं होतं. काल नवीन रॅम टाकली. पण ती चालतेय की! अशी माहिती दुसऱ्या वाटेने बाहेर यायची. तिसरा प्रश्न मला सगळ्यात कठीण वाटायचा: मुद्दाम पुन्हा बिघडवून दाखवता येतं का? येत असेल तर लोक खुशीत यायचे. येत नसेल तर खुर्च्या सरकवून दुसऱ्या टेबलाकडे जायचे. मला तेव्हा ते तुटक वाटे. आता मीही तशीच सरकते.

काहीजण मात्र खरोखरच तुसडे होते. प्रश्न पूर्ण ऐकायच्या आत ‘मॅन पेज वाच’ म्हणून मोकळे. एरिक रेमंड यांचा प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावरचा निबंध 2001 मध्ये आला आणि या मंडळींच्या हाती कोलीतच मिळालं. निबंधातलं बहुतेक सगळं बरोबर आहे. आधी स्वतः शोधा, नेमकं सांगा, जे दिसलं ते सांगा आणि तुमचा अंदाज वेगळा ठेवा. सूर तेवढा जरा चढा आहे, पण पुण्यात तो कुणाला खटकला नाही. दुकानांच्या दारावर तसल्या सूचना वाचतच शहर वाढलेलं. माझी तक्रार वेगळी आहे. नेमकं सांगायला त्या जगाचे थोडे शब्द आधी यावे लागतात आणि नवख्याकडे तेच नसतात. ‘कर्नल वर येतो पण एक्स सुरू होत नाही’ असं वाक्य ज्याला रचता येतं त्याची अर्धी अडचण सुटलेलीच असते. ‘स्क्रीन काळी आहे’ एवढंच म्हणता येणाऱ्याला निबंध देऊन काय उपयोग? त्याला निगडीचे काका लागतात.

लिनक्सच्या जन्माच्या कागदपत्रांमध्येही एक प्रश्नच सापडतो. 1991 च्या जुलैत हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना जाहीरपणे विचारलं होतं की पॉझिक्सची नियमावली कुठे मिळेल, शक्यतो संगणकावर वाचता येईल अशी. आपण काय करतोय हे त्याने नीटसं सांगितलं नव्हतं. ते ऑगस्टच्या 25 तारखेला सांगितलं, आणि तेव्हाही त्याला लोकांकडून हवं होतं ते हेच, की मिनिक्समध्ये काय आवडतं, काय आवडत नाही. नावही त्याचं नव्हे. त्याच्या मनात ‘फ्रीॲक्स’ होतं. आरी लेमके यांनी आपल्याकडच्या सर्व्हरवर जागा दिली आणि त्या फोल्डरला परस्पर ‘लिनक्स’ नाव देऊन टाकलं. हा तपशील मी वर्गात दरवर्षी सांगत असे. मुलं नावाच्या गोष्टीला हसत आणि नियमावलीचा प्रश्न विसरून जात.

शिकून झाल्यावर मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत लागले. ती वर्षं भारनियमनाची. वेळापत्रक असायचं, पण वीज वेळापत्रक वाचून जात नसे. यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या. सकाळच्या प्रॅक्टिकलला वीज गेली की वीस-बावीस मशीन्स एका दमात बंद पडत, आणि वीज आल्यावर त्यातली बरीचशी वर येत नसत. कारण लॅबमधल्या लिनक्सची फाइल व्यवस्था जुनी होती, एक्सटी2. वीज मधेच गेली की कुठलं लिहिणं पुरं झालं आणि कुठलं अर्धवट राहिलं याचा तिला पत्ता नसे, म्हणून पुन्हा सुरू होताना ती अख्खी डिस्क तपासत बसे. कधी कधी तपासणी हात टेकायची आणि पडद्यावर यायचं: एफएससीके हाताने चालवा, रूटचा पासवर्ड द्या. मग प्रश्न सुरू. हा आयनोड दुरुस्त करू? तो काढून टाकू? या फाइलचा मालक सापडत नाही, जोडू? मी वाय दाबत जायची. ‘सगळ्याला हो’ असा पर्याय देता येतो हे कळेपर्यंत त्या कळीवरचं अक्षर पुसट झालं होतं. जे तुकडे बेवारस निघत ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये नुसते नंबर लावून ठेवले जात. एकदा त्यात एका मुलाचा अख्खा जर्नल-प्रोग्राम सापडला आणि पोराने पेढे आणले.

गावापासून जवळच साखर कारखाना होता. तिथल्या संगणक विभागात एक दादा होते, बी.कॉम. झालेले, हिशेबातून संगणकाकडे आलेले. त्यांना कुणीतरी आमच्या लॅबबद्दल सांगितलं आणि ते एका रविवारी मोटारसायकलवरून आले. “मॅडम, एक्सटी3 करून टाका की. फॉरमॅट मारायची गरज नाही.” मला विश्वास बसेना. एक्सटी3 ही नवी व्यवस्था 2001 च्या शेवटीच कर्नलमध्ये आली होती, हे मी वाचलं होतं. पण सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल अशी माझी समजूत होती. त्यांनी ‘ट्यून2एफएस’ची एक ओळ लिहिली, दुसऱ्या फाइलमध्ये 2 च्या जागी 3 केला आणि मशीन परत सुरू केलं. मुलांचं सगळं काम जागच्या जागी. मग त्यांनी ते मला ज्या भाषेत समजावलं ती त्यांच्या जुन्या नोकरीची होती: कीर्दीत आधी नोंद, मग खतावणी. खतावणी करताना दिवा गेला तरी कीर्द आहे. सकाळी उठून सगळी चोपडी तपासायची नाही, कीर्दीतली शेवटची पानं पाहायची आणि राहिलेलं चढवायचं. एवढं चांगलं विवेचन मी नंतर इंग्रजी पुस्तकांतही वाचलं नाही.

दोन मशीन्स त्यांनी केली, बाकीची मी. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, “आमच्याकडं प्रिंटर तुंबला की तुम्ही या.” आणि खरंच बोलावलं. एका नामांकित कंपनीचा लेझर प्रिंटर होता, लिनक्सवर चालवणं महाकठीण, आणि तो गावोगावच्या प्रत्येक ऑफिसात असायचा. त्या प्रिंटरने माझ्या ओळखी जितक्या वाढवल्या तितक्या लग्नकार्यांनी वाढवल्या नसतील.

हळूहळू फोन उलट दिशेने यायला लागले. सुरुवातीला लोक ‘सर आहेत का?’ विचारत. मीच बोलतेय म्हटलं की क्षणभर गप्प होत आणि मग अडचण मोठ्या आवाजात सांगत. उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीवरून हे सगळं वेगळं दिसतं. समोरचा काय सांगतोय यापेक्षा तो काय गाळतोय याकडे कान लावावा लागतो. एकाने विचारलं, डीपीकेजीची लॉक फाइल कशी पुसायची? कमांड सांगायला दोन सेकंद लागली असती. पण लॉक कुणीतरी लावलेलं असतं म्हणून असतं. विचारलं, मशीन आत्ताच चालू केलंत का? हो, दहा मिनिटं झाली. मग पाठीमागे आपोआप अपडेट चाललं असणार, चहा घ्या. त्याला ते पटलं नाही. त्याला कमांड हवी होती. दहा मिनिटांनी फोन आला की आपोआप गेलं.

काही बिघाड मात्र नुसत्या आकड्यावरून ओळखता येतात.

“मावशी, लॅपटॉपचं घड्याळ सारखं मागे जातंय.”

“साडेपाच तास?”

“...तुला कसं कळलं?”

“विंडोज पण आहे ना त्याच्यावर?”

मशीनच्या मदरबोर्डवर एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि दाखवताना आपली वेळ मिळवतं. विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. दोघं एकाच मशीनवर आलटूनपालटून राहिले की भारतात फरक पडतो बरोबर साडेपाच तासांचा. तोच भाचा पुढे शिकायला म्युनिकला गेला आणि नव्या लॅपटॉपवर पुन्हा तेच घडलं. हिवाळ्यात एक तास, उन्हाळ्यात दोन. या वेळी त्याने मला विचारलं नाही, कळवलं. ‘टाइमडेटसीटीएल’ने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यापेक्षा विंडोजला जागतिक वेळ पाळायला लाव, उन्हाळा-हिवाळ्याच्या बदलाला त्रास कमी होईल. त्यावर आमचा व्हिडिओ कॉल लांबला आणि ताई मागून ओरडली की जेवलास का ते तरी विचार त्याला.

चुकीची उत्तरं मला फार भीतीदायक वाटत नाहीत, ती चालत नाहीत म्हणून लगेच उघडी पडतात. चालणारी वाईट उत्तरं जास्त त्रास देतात. परवानगीची एरर आली की ‘सीएचमॉड 777’ करा, हे त्यातलं अग्रगण्य. एरर जाते. आता ती फाइल मशीनवरच्या कुणालाही वाचता, बदलता येते, आणि हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या वर्षी दुसरा कुणी तो सर्व्हर सांभाळतो आणि आदल्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो. मी शिकवत असताना परीक्षेत याला शून्य गुण देत असे. एका पालकांनी येऊन विचारलं होतं, प्रोग्राम तर चालतोय ना मॅडम?

देवनागरीची भानगड वेगळ्या जातीची. तिथे निगडी आणि साखर कारखाना दोन्ही उपयोगाचे नव्हते, कारण अक्षरं जोडून दाखवणारे प्रोग्राम लिहिणारे लोक पार दुसऱ्या देशांत होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना लिपी वाचता येत नव्हती. लोहित फॉन्ट आले, त्यात मराठीसाठी वेगळा फॉन्टही आला, आपल्या वळणाचा ल आणि श मिळाला, याचा आनंद मोठा होता. पण एका प्रोग्राममध्ये ‘आचाऱ्यास’ टाइप केलं की र चा चंद्रकोरीसारखा आकार यायचाच नाही. खाली टिंब असलेला ऱ, त्याला उघडा हलन्त आणि शेजारी सुटा य. ‘आचार्यास’ मात्र व्यवस्थित. स्वयंपाक्याला द्यायचे पैसे गुरुजींना जातील, असा विनोद आम्ही करत असू. हे त्या प्रोग्रामच्या लेखकाला सांगायचं कसं? मी बिघाड नोंदवताना कुठल्या क्रमाने कुठली अक्षरं दिली ते त्यांच्या युनिकोड क्रमांकांनी लिहिलं: 0931, 094डी, 092एफ. खाली पडद्यावर आलेलं चित्र. त्याखाली बालभारतीच्या पुस्तकातल्या ओळीचं चित्र, असं यायला हवं म्हणून.

उत्तर युरोपातून आलं. त्या माणसाने आधी लिहिलं की आपल्याला या लिपीतलं एकही अक्षर वाचता येत नाही. मग विचारलं: हे फक्त य आधी होतं, की ह आधीही? मी कुऱ्हाड आणि ऱ्हास टाइप करून पाहिलं. तिथेही मोडत होतं. मराठीत या र चं दुकान मुख्यतः या दोनच अक्षरांपाशी चालतं आणि ते त्या माणसाने नियमांचे तक्ते वाचून ताडलं होतं. पुढच्या आवृत्तीत दोन्ही सुधारलं. त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. हाच आकार र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य अशा दुसऱ्या क्रमानेही काढता येतो. दिसायला दोन्ही सारखे. पण एका पद्धतीने लिहिलेलं ‘वाऱ्यावर’ दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. अनेक जुन्या मराठी फाइलींमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत आणि आजही कुणी म्हणालं की शोधलेला शब्द समोर असून मिळत नाहीये, तर मी पहिल्यांदा विचारते, त्यात ऱ्य आहे का?

आता बरेच जण माणसाला विचारायच्या आधी यंत्राला विचारतात. मीही विचारते. रात्री दोनलाही उत्तर मिळतं, आवाज चढत नाही, मॅन पेज वाच असं कुणी सुनावत नाही, आणि ‘स्क्रीन काळी आहे’ एवढंच म्हणणाऱ्याला यामुळे खरोखर हात मिळालाय. मला खटकतं ते इतकंच की आपण चुकीच्या टोकाने प्रश्न धरला तर ते बहुधा त्याच टोकाने ओढायला मदत करतं. लॉक फाइल कशी पुसायची म्हटलं की पुसायची कशी ते सांगतं. मशीन आत्ताच चालू केलंत का, हे विचारायचं पुष्कळदा राहून जातं. शिवाय ते उत्तर विचारणाऱ्याच्या खिडकीतच राहतं. पूर्वीही ‘सुटलं, धन्यवाद’ एवढंच कळवून, कसं सुटलं ते न सांगता गायब होणारे महाभाग होतेच. पण दहांतला एखादा सविस्तर लिहून ठेवायचा आणि त्या एकावर पुढचे शंभर जगायचे.

सध्या माझ्याच लॅपटॉपला एक दुखणं आहे. कर्नलच्या नव्या आवृत्तीनंतर तो झोपवला की कधी कधी उठत नाही. जुन्या आवृत्तीत उठतो. आदल्या सत्राचा लॉग काढून पाहिला तर झोपतानाच्या ओळीपर्यंत सगळं ठीक आणि पुढे काही नाही. मी बिघाड नोंदवला. ब्राझीलमधल्या एकाकडे हेच मॉडेल आहे आणि हेच दुखणं. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एकीने आम्हा दोघांना सांगितलं, बायसेक्ट करा. म्हणजे असं की दोन आवृत्त्यांच्या मध्ये दहा हजारांहून जास्त बदल झालेले असतात. त्यांच्या बरोबर मधला कर्नल बांधायचा आणि बघायचं, बिघडलेला की ठीक? बिघडलेला असेल तर दोष पहिल्या अर्ध्यात, ठीक असेल तर दुसऱ्या. पुन्हा त्या अर्ध्याचा मध्य. सोळा हजार बदल असले तरी चौदा पायऱ्यांत एका बदलाशी येऊन पोचता येतं. कुणी लिहिलेली कुठली ओळ, इथपर्यंत.

कागदावर हे सोपं दिसतं. घोळ ‘कधी कधी’ या शब्दांत आहे. एकदा उठला नाही की तो कर्नल बिघडलेला, विषय संपला. पण ठीक केव्हा म्हणायचं? दहादा उठला म्हणून अकराव्यांदा उठेल कशावरून? आणि एका पायरीवर चुकून ठीक म्हटलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या निर्दोष अर्ध्यात शोधत बसणार. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय: बिघडलेला कुणाही एकाने म्हटलं तरी चालेल, ठीक मात्र दोघांनी म्हणायचं. ‘आरटीसीवेक’ने मशीन झोपवायचं, मिनिटाने उठवायचं, परत झोपवायचं, असं रात्रभर चालू ठेवतो. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच तोडकं आहे, त्यामुळे निरोप आखूड असतात. आकडा आणि एक शब्द.

परवाच्या कर्नलला त्याने ठीक म्हटलं होतं. माझा पहाटे चारनंतर कधीतरी उठायचा थांबला. पंखा फिरतोय, पडदा काळा, कॅप्स लॉकचा दिवा दाबूनही लागत नाही. मी हे तिन्ही तपशील त्याला कळवले, नोंदीत ‘बिघडलेला’ लिहिलं आणि पुढचा कर्नल बांधायला लावला. जुनं मशीन आहे, दुपार जाईल त्यात.